बाबांनी खाल्लेला पेढा

जून उजाडला की आमच्या पनवेलच्या घरी पेढ्यांचे पुडे यायला लागत. बाबा गणिताचे शिक्षक. निवृत्त झाल्यावरही दहावीची पोरं संध्याकाळी आमच्या ओटीवर बसून त्यांच्याकडे शिकायची. निकाल लागला की ती पेढे घेऊन येत. पुड्याला हात लावायच्या आधी बाबा एकच विचारायचे, "पेपर तुझा तूच सोडवलास ना?" पोरगं "हो सर" म्हणालं आणि बाबांना ते पटलं, की पेढा तोंडात जाई. नाही पटलं तर पुडा जसा आला तसा परत. अख्ख्या गावाला हे ठाऊक होतं. मिरची गल्लीतला वाणी आपल्या मुलाबद्दल सांगायचा, "बोर्डाने पास केलाय ते जाऊ द्या, सरांनी पेढा खाल्लाय." मला लहानपणी या प्रकाराचा राग यायचा, कारण परत गेलेल्या पुड्यांत कधीकधी चांगले कंदी पेढे असायचे.

हे आधीच सांगून टाकलं. पुढचं सांगायला लागले की माझं डोकं फिरतं आणि मग धड काही सांगता येत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होते. महाप्याच्या बाजूला काचेची इमारत, आत इतकी थंडी की ऐन मे महिन्यात बायका स्वेटर घालून बसायच्या. कंपनीची बस सकाळी आम्हाला हायवेवरून उचलायची. दोन हजार साल येऊ घातलं होतं. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहायची पद्धत होती, त्यामुळे दोन शून्यं आली की यंत्रं ते एकोणीसशे साल समजणार, अशी जगभर भीती पसरली होती. ते आकडे शोधून दुरुस्त करायचे, हे आमचं काम. सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत बसावं, तसं. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. काम कंटाळवाणं होतं, पण खरं होतं.

वीट आला तो तिथल्या बोलण्याचा. माणसाला तिथे माणूस म्हणत नसत, रिसोर्स म्हणत. ज्याला काम नाही तो 'बेंचवर' असे. आमचा मॅनेजर तर सरळ 'डोकी' म्हणायचा. "त्या क्लायंटला साठ डोकी पाहिजेत," असं तो जेवता जेवता बोलायचा, आणि माझ्या डोळ्यांपुढे खाटकाचं दुकान यायचं. मुंबईत वाढलेला, गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस. कुणाशीही हात मिळवला की खिशातला कागदी रुमाल काढून बोटं पुसायचा, तेही त्या माणसासमोरच.

एका पावसाळ्यात त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. "तू पनवेलची ना? आपल्याला तिथे वॉक-इन घ्यायचाय. ओपन इंटरव्ह्यू. मोठा हॉल पाहिजे. शंभर-दीडशे कॅंडिडेट्स तरी आले पाहिजेत."

मला आनंद झाला, हे कबूल करते. आमच्या गावात संगणकाचे क्लास गल्लोगल्ली निघाले होते. पोरं-पोरी आईबापांच्या मागे लागून कोर्स करत होती आणि मग कळंबोलीला ट्रान्सपोर्टवाल्याच्या हापिसात बिलं टाइप करत बसत होती. त्यांच्यापर्यंत मोठी कंपनी चालून येणार होती. मी घरी सांगितलं आणि बाबांनी सगळं अंगावर घेतलं. चातुर्मासात लग्नं नसतात, कार्यालयं ओस पडलेली. वडाळे तळ्याजवळच्या एका कार्यालयाचे मालक बाबांचे जुने विद्यार्थी, त्यांनी हॉल दिला. बाबा क्लासवाल्यांकडे गेले, खारघरच्या नव्या कॉलेजात गेले, आसपासच्या गावांतल्या ओळखीच्यांना निरोप धाडले. कुणी शंका काढली तर म्हणायचे, "माझी मुलगी तिथे आहे. मी सांगतो ना, या." बाबा "मी सांगतो" म्हणाले, की पनवेलमध्ये विषय संपायचा.

मुलाखतीचा दिवस रविवारचा. आमच्या गावाला कार्यालयात शिरलं की वागायची एकच रीत माहीत, लग्नाची. पोरं कडक इस्त्रीचे शर्ट घालून आलेली, मुली साड्या नेसून. बरोबर आईबाप, एकीबरोबर तर आत्याही. बाबा दारात उभे राहून प्रत्येकाला "या, बसा, पाणी घ्या" म्हणत होते. आईने आचाऱ्याला सांगून पोहे करवले होते. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या तशाच होत्या, मॅनेजर त्यातल्या एकीवर बसला. कार्यालयाचा नेहमीचा व्हिडिओवालाही हजर होता. मी विचारलं तर मॅनेजर म्हणाला, "मीच बोलावलाय. आठवण म्हणून."

आधी लेखी परीक्षा झाली, मग मुलाखती. मी आणि ऑफिसमधले आणखी काही जण टेबलं मांडून बसलो. आम्हाला दोनच सूचना होत्या. प्रत्येकाशी थोडा वेळ तरी बोलायचं आणि हसतमुख राहायचं. काय विचारायचं, कुणाला घ्यायचं, याबद्दल अवाक्षर नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. व्हिडिओवाला सवयीने चेहऱ्याजवळ येत होता, टेबलावरचे हात टिपत होता, मुलींच्या बांगड्या टिपत होता. दाखवायच्या कार्यक्रमात बसवल्यासारख्या त्या मान खाली घालत होत्या, आणि मॅनेजर स्टेजवरून ओरडत होता, "लुक अप, लुक अप, स्माइल!" पोह्यांची अर्धी प्लेट त्याने हात धुवायच्या बेसिनमध्ये ओतली. तुंबलेल्या पाण्यावर तरंगणारे ते शेंगदाणे मला अजून दिसतात.

माझ्या टेबलावर एक मुलगी आली, बेलपाड्याची. वडील शेतकरी होते. खारघर वसवायला जमीन गेली आणि आता ते तिथल्याच एका टॉवरच्या गेटवर वॉचमन होते. ही पूर्वी बाबांच्या ओटीवर गणिताला यायची. मी तिला तारखा मोजायचा एक छोटा प्रोग्रॅम लिहायला सांगितला. तिने लिहिला, एकदा वाचला आणि म्हणाली, "ताई, यात लीप वर्ष चुकेल. दुरुस्त करू?" मी तिला मॅनेजरकडे घेऊन गेले. त्याने तिच्याकडे न बघताच विचारलं, "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतेस?" ती गोंधळून म्हणाली, "जिथे काम असेल तिथे." तो मोठ्याने हसला. व्हिडिओवाला जवळ आलेला पाहून उठून उभा राहिला, तिचा हात हातात घेऊन हलवत राहिला आणि म्हणाला, "वेलकम टू द फॅमिली! यू आर इन." मग खाली बसून बोटं पुसली.

दुसऱ्या दिवशी ती बाबांना विचारायला आली. कळंबोलीला ती बिलं टाइप करायची, ती नोकरी सोडायची का? शेठ म्हणत होता, आत्ताच सांग, नाहीतर दुसरी बघतो. मी ऑफिसला गेले होते. बाबा म्हणाले, "एवढी मोठी कंपनी. सगळ्यांदेखत सांगितलंय. शब्द फिरवणार नाहीत. सोड." तिने सोडली.

गणपती गेले, नवरात्र गेलं, कुणालाच काही कळलं नाही. मी ऑफिसात विचारलं की "प्रोसेस चालू आहे" एवढंच उत्तर. गावात बाबांना माणसं गाठू लागली. टपाल नाक्यावर, देवळात, दाढी करायला गेले तर न्हाव्याकडे. "सर, निकाल कधी?" जो माणूस आयुष्यभर इतरांचे निकाल सांगत आला, त्याला आता सांगायला काही नव्हतं. संध्याकाळी तळ्याला फेरी मारायला जाताना ते मागच्या गल्लीने जाऊ लागले. दिवाळीनंतर बेलपाड्याहून त्या मुलीचे वडील आले. ओटीच्या पायरीवरच बसले, आत येईनात.

"मास्तर, आमचे पोरीचा काय झाला? शेठनी दुसरी ठेवलीय. घरान बसून हाय ती."

"होईल, होईल. मोठ्या कंपनीत वेळ लागतो."

"तुमी सांगता म्हंजे व्हईलच. आमी काय बोलत नाय."

आमी काय बोलत नाय. त्या संध्याकाळी बाबा तळ्याला फेरी मारायला गेलेच नाहीत.

त्याच आठवड्यात एका अमेरिकन विमा कंपनीचे दोन साहेब आमच्या ऑफिसात आले. प्रचंड काम देणार होते. तारखांची दुरुस्ती कशी करतो हे समजावून द्यायला मला मीटिंग रूममध्ये बोलावलं होतं. माझी पाळी यायच्या आधी मॅनेजरने दिवे घालवले आणि टीव्हीवर एक कॅसेट लावली.

पडद्यावर पनवेलचं ते मंगल कार्यालय. रांगेत बसलेली आमच्या गावची पोरं, इस्त्रीचे शर्ट, साड्या, प्रोग्रॅम लिहिणारे हात. मॅनेजर इंग्रजीतून सांगत होता की हे आमचं पनवेलचं केंद्र, ही सगळी मंडळी ट्रेनिंग पूर्ण करून तयार आहेत, तुम्ही हो म्हणालात की सोमवारी कामाला लागतील. व्हिडिओवाल्याने लग्नाच्या सवयीने लावलेली सनई ऑफिसवाल्यांनी काढून टाकली होती, पण एक ठिकाण राहून गेलं होतं. बेलपाड्याच्या त्या मुलीचा चेहरा गुलाबाच्या पाकळ्यांतून उमलत वर आला. साहेब हसले, म्हणाले, किती छान. मग दारात उभे राहून हात जोडणारे बाबा दिसले.

"आणि हे आमचे हेड ऑफ ट्रेनिंग," मॅनेजर म्हणाला. "फार मोठे गणिती आहेत."

माझी पाळी अजून यायची होती, पण मला त्या थंडगार खोलीत बसवेना. मी कागद टेबलावर तसेच टाकून बाहेर गेले. खोटं मी त्याआधीही पाहिलं होतं, कुठल्या धंद्यात नसतं? पण माझे बाबा दारात उभे राहून जे "या, बसा, पाणी घ्या" म्हणत होते, ते या माणसाने विकायला काढलं होतं. एकही जागा नव्हती. पहिल्यापासून नव्हती. माणसं तयार आहेत हे दाखवायला गर्दी हवी होती, आणि गर्दी जमवायला माझ्या बाबांचा शब्द.

संध्याकाळी मॅनेजरनेच मला गाठलं. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "साहेबांना सर फार आवडले. जायच्या आधी भेटायचं म्हणतात. शुक्रवारी आण त्यांना. एक केबिन तयार ठेवतो. तासभर बसायचं, जास्त काही बोलायचं नाही. आणि हे काम मिळालं ना, की अमेरिकेला पाठवायच्या यादीत तुझं नाव वर."

"ते माझे वडील आहेत," मी म्हणाले.

"हो ना. म्हणूनच तर सोपं आहे."

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. ओरडूनच सांगितलं. उद्याच राजीनामा देते म्हणाले. बाबा भडकतील, चालते व्हा म्हणून निरोप धाडतील, असं मला वाटलं होतं. मला तेच हवं होतं. ते शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "म्हणजे त्यातल्या कुणालाच नोकरी नाही?"

"कुणालाच नाही."

आईने पाणी आणून ठेवलं, त्याला त्यांनी हातही लावला नाही. मग म्हणाले, "बाकीची पोरं आपापल्या ठिकाणी आहेत. त्यांना मी जाऊन सांगेन. पण त्या मुलीची नोकरी मी सोडायला लावली. तुझ्या साहेबाला सांग, तिची नेमणुकीची ऑर्डर माझ्या हातात पडली की मी येतो."

"बाबा, तुम्ही तिथे जाऊन बसणार? हेड ऑफ ट्रेनिंग म्हणून?"

"तासभर बसायचंय ना? बसतो."

मला बाबांचाही राग आला. तो राग पुढे कित्येक महिने गेला नाही. ज्या माणसाने शेजारच्याच्या पेपरात नुसतं डोकावलं म्हणून पोरांना वर्गाबाहेर उभं केलं, तो हे बोलत होता. पण मी निरोप घेऊन गेले. म्हणजे शेवटी दलाली मीच केली. मॅनेजरने ऐकलं आणि खुर्चीत मागे रेलून हसला. "बस, एवढंच? मला वाटलं सर काही मोठं मागतील." महिनोन् महिने जी प्रोसेस चालू होती, ती त्याचा चहा निवायच्या आत संपली. ऑर्डर टाइप होऊन माझ्या हातात आली.

शुक्रवारी कंपनीची गाडी आमच्या दारात आली. बाबांनी निरोप समारंभात घातलेला कोट घातला होता, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. केबिनच्या दारावर त्यांच्या नावाची पाटी लागलेली होती. आत कुणीतरी जाड जाड पुस्तकं आणून ठेवली होती. साहेब आले, बसले, मी आणि मॅनेजर बाजूला उभे. तुम्ही कसं शिकवता, असं त्यांनी विचारलं. बाबा सावकाश, शाळेतल्या इंग्रजीत बोलले. म्हणाले, मी मुलांना उत्तर विचारत नाही, पायऱ्या विचारतो. उत्तर चुकलं तरी पायऱ्या बरोबर असतील तर मी मार्क देतो. साहेबांना ते फार आवडलं, एकाने वहीत टिपूनही घेतलं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मग जाता जाता दुसऱ्याने विचारलं, "व्हिडिओतली ती सगळी माणसं, ती तयार आहेत ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मॅनेजरकडेही पाहिलं नाही. "येस," म्हणाले.

दोघांनी त्यांच्याशी हात मिळवला. मग मॅनेजरनेही मिळवला. "सर, कमाल केलीत," म्हणाला आणि खिशातला कागदी रुमाल काढला. कंपनीने एक पेनसेट भेट दिला होता, तो बाबा गाडीतच ठेवून उतरले. घरात शिरल्या शिरल्या कोट काढून आईकडे दिला आणि म्हणाले, "कपाटात ठेवू नकोस. कुणाला तरी देऊन टाक."

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा मुख्य रस्त्याने फिरायला जाऊ लागले. कुणी विचारलं की थांबून सांगायचे, "नोकऱ्या नव्हत्याच. माझी चूक झाली." काहींनी समजून घेतलं. वाण्याने घेतलं नाही, त्याचा मुलगाही त्या रांगेत बसला होता. कार्यालयाचे मालक नंतर कधी आमच्याकडे फिरकले नाहीत. आणि एकीलाच नोकरी लागली हे जेव्हा बाहेर पडलं, तेव्हा लोक जे बोलायचं ते बोलले.

ती मुलगी पहिल्या पगाराच्या दुसऱ्या दिवशी आली. बरोबर तिचे वडील, आज धुतलेला पांढरा शर्ट घालून. या वेळी ते आत आले, खुर्चीवर बसले. तिने बाबांच्या पाया पडून पेढ्यांचा पुडा पुढे केला. मी कोपऱ्यात उभी होते. बाबांनी पुडा घेतला आणि मांडीवर ठेवला. उघडला नाही. काही विचारलंही नाही.

मला वाटलं, परत करतील. देवाशपथ सांगते, मला वाटलं की परत केला तर बरं होईल. या सगळ्या घाणीत ती एक तरी गोष्ट जशीच्या तशी राहील. पण मी त्या मुलीकडे पाहिलं. ती पुड्याकडे बघत होती. बाबांच्या ओटीवर शिकलेली पोर, पुडा परत जाण्याचा अर्थ तिला पक्का माहीत होता. तिच्या वडिलांनाही माहीत असावा, कारण ते एकदम म्हणाले, "मास्तर, पेपर तिचा तिनीच सोडवला. कोनाचा बगितला नाय."

"मला माहीत आहे," बाबा म्हणाले. "तिला ते सांगायची गरज नाही."

त्यांनी दोरा सोडला, एक पेढा उचलला आणि तोंडात टाकला. मी त्यांचा गळा हलताना पाहिला. एरवी ते पेढा चघळत बसायचे, कुठून आणलास विचारायचे, वेलची जास्त झाली म्हणायचे. आज औषधाची गोळी गिळावी तसा गिळला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. वडिलांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या दोघांना जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते त्यांच्या हक्काचंच होतं.

ते गेल्यावर बाबा मोरीत जाऊन पुन्हा पुन्हा चुळा भरत राहिले. परत आल्यावर मला म्हणाले, "राजीनामा देऊ नकोस इतक्यात. तिथे तिला कुणीतरी आपलं माणूस पाहिजे."

मी राहिले. सकाळी तीही माझ्याच बसने यायची, खिडकीपाशी बसायची, आणि अडलेलं मला विचारायची. फार थोडं अडायचं. अमेरिकेला मी गेले नाही. मॅनेजर गेला.

पुढच्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. त्या वर्षी ओटीवर पोरं कमीच होती, पण जी होती ती पेढे घेऊन आली. पहिल्या पोराने पुडा पुढे धरला आणि नेहमीचा प्रश्न येईल म्हणून "हो सर" तयार ठेवून उभा राहिला. बाबांनी काहीच विचारलं नाही. पुडा उघडला आणि एक पेढा खाल्ला. मग दुसऱ्याचा. मग तिसऱ्याचा, ज्याच्याबद्दल सगळ्या गल्लीला माहीत होतं की त्याने चिठ्ठ्या नेल्या होत्या. तो पोरगा आधी घाबरला, मग त्याला हसू फुटलं. बाबांनी त्याचाही पेढा खाल्ला आणि "छान, पुढे शिक" म्हणाले.

त्यानंतर ते असेपर्यंत आमच्या घरून एकही पुडा परत गेला नाही.